लुकलुकणं थांबलं ते वर्ष

बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अब्बांचं दुकान होतं. विहिरीवरच्या, नदीवरच्या पंपांच्या मोटारी जळाल्या की लोक त्या बैलगाडीत, टेम्पोत, कधी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणायचे. अब्बा आतली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार भरून द्यायचे. मोटर भरणं म्हणतात त्याला आमच्याकडे. मी शाळेतून आले की कागदाच्या पट्ट्या कापून द्यायचे, तार आणि लोखंडाच्या मध्ये घालायला. वॉर्निशचा वास अंगाला इतका बसला होता की औरंगाबादला एमएस्सीला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली विचारायच्या, तुझ्या कपड्यांना हा कसला वास.

पुढं पुण्याच्या एका संस्थेत मला संशोधनाला जागा मिळाली. विषय ठरला त्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा दुकानात पालीच्या उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन बसलेले होते. बिंदुसरा धरणाच्या काठच्या शेतकऱ्यांनी मिळून ही सहकारी संस्था काढली होती. धरणातून पाणी उपसून ते पाइपांनी वरच्या माळावर न्यायचं. संस्थेच्या मोटारी पहिल्यापासून अब्बाच भरत आले होते, बसवायला आणि बघायलाही तेच जायचे. दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांची पालीला फेरी असायची, आणि चेअरमन काका बीडला आले की दुकानात चहाला थांबायचे. धोतर, पांढरी टोपी, हातात कायम पिशवी. अब्बांना ते उस्ताद म्हणायचे.

"काय शिकतीय पोरगी आता?" त्यांनी विचारलं.

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही ते नीट सांगता येत नव्हतं.

मी सांगितलं, की ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी दिसते पण रिकामी नसते. तिथं फार विरळ वायू असतो. त्यातला काही इतका तापलेला असतो की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्याला आयनीभूत वायू म्हणतात. तो सगळीकडं सारखा पसरलेला नाही, कुठं कुठं त्याचे धागे आहेत, पापुद्रे आहेत. त्यातले काही आपल्या सूर्याच्या शेजारीच आहेत, आणि ते कशापासून झाले ते कुणालाच सांगता येत नाही. मला ते शोधायचंय.

"शेजारी म्हंजी किती?"

"प्रकाशाला तिथून इथं यायला काही वर्षं लागतात, काका."

"मग लई लांबचा शेजारी हाय," ते म्हणाले.

अब्बांनी हातातली तार खाली ठेवली. "दिसतो का तो?"

"नाही."

"मग हाय म्हणून कसं कळतं?"

मी म्हटलं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर बघा, समोरून येणारी एसटी हलल्यासारखी दिसते. एसटी हलत नसते, मधली हवा हलवते. तसाच रेडिओ लहरी सोडणारा फार दूरचा एक स्रोत आहे. त्याच्याकडून येणाऱ्या लहरींचा जोर कमीजास्त होतो, लुकलुकल्यासारखा. स्रोत तिथं स्थिर आहे. मधल्या वायूच्या धाग्यांमुळं तो लुकलुकतो. त्या लुकलुकण्यावरून धाग्यांचा अंदाज बांधायचा.

अब्बांनी मान हलवली. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण दुकानात बसले की त्यांच्या तोंडात मराठीच यायची. "पुरतं समजलं न्हाई," ते म्हणाले, "पण ऐकायला बरं वाटतं."

नंतर ते गिऱ्हाइकांना सांगायला लागले की बेटी गॅसचं मूळ शोधतीय. महिनाभरात मोहल्ल्यात बातमी झाली की मला गॅसच्या कंपनीत नोकरी लागली. दोघी-तिघी जणी अम्मीकडं सिलिंडरच्या नंबराची चौकशी करून गेल्या.

पुण्यात माझे मार्गदर्शक सर कमी बोलणारे होते. वर्गात प्रश्न विचारला की उत्तराआधी खिडकीबाहेर बघायचे. आमचा स्रोत त्यांनी निवडलेला होता. त्याचा जोर घंट्याभरात दुप्पट व्हायचा, पुन्हा निम्म्यावर यायचा. इतक्या वेगानं लुकलुकतो म्हणजे मधला वायू जवळ आहे, दूर असता तर लुकलुक संथ झाली असती. जवळच्या अशा जागा तेव्हा बोटावर मोजण्याइतक्याच सापडलेल्या होत्या.

त्यातली खरी गोम अशी होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळं वर्षातले काही महिने आपण त्या धाग्यांना आडवे कापत जातो आणि काही महिने जवळपास त्यांच्याबरोबरच सरकत असतो. आडवे जाताना लुकलुक वेगात दिसते, बरोबर जाताना मंद. पूर्ण वर्षाचा आलेख मिळाला की धागे कोणत्या दिशेला पसरलेत आणि किती वेगानं चाललेत ते काढता येतं. दिशा जवळच्या एखाद्या तप्त ताऱ्याकडं निघाली, तर त्या ताऱ्याच्या प्रखर प्रकाशानं ते झाले असं म्हणता येईल. वेग सूर्याच्या परिसरातल्या ढगांशी जुळला, तर दोन ढग एकमेकांवर घासले तिथं त्यांचा जन्म. आमच्या स्रोताच्या जवळच दिसणारा असा एक तप्त तारा होताच. सर त्याचं नाव फारसं घ्यायचे नाहीत, पण त्यांच्या मनात तोच होता हे मला कळायचं.

पहिला हिवाळा फार चांगला गेला. दिवसभर चाललेल्या निरीक्षणाचे आकडे संध्याकाळी यायचे आणि मी आलेख काढायचे. रेघ वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. मला तेव्हा रस्त्यानं चालतानाही ती रेघ दिसायची. सरांनी हिशेब करून सांगितलं, "मार्चपासून हे मंद होत जाईल. उन्हाळ्यात फार मंद असेल. पावसाळा संपता संपता पुन्हा वेग घेईल. तसं झालं तर आपण बरोबर आहोत."

मार्चमध्ये ते मंद झालं. एप्रिलमध्ये आणखी. मी आनंदानं घरी फोन केला. अब्बा पालीला पंपघरात होते, मागून माणसांचे आवाज येत होते.

"आम्ही म्हटलं होतं तसंच होतंय, अब्बा."

"चांगलं हाय बेटा," ते म्हणाले. "कुणाचा तरी अंदाज खरा होतोय."

आदल्या पावसाळ्यात आमच्याकडं पाऊस झालेला नव्हता. म्हणजे आला, धूळ दाबून गेला. मे महिन्यात मी आठवडाभर घरी गेले, तेव्हा अब्बा मला पालीला घेऊन गेले. धरणाचं पाणी इतकं मागं सरलं होतं की पंपघर कोरड्या जमिनीवर एकटं उभं होतं. काळ्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. संस्थेच्या लोकांनी एक मोटर पंपघरातून काढून, लाकडी फळ्यांवर ठेवून, पाण्याजवळ नेली होती. पाणी आणखी मागं गेलं की फळ्या पुढं सरकवायच्या, मोटर ओढायची, मागं पाइप जोडायचा. दोर धरणाऱ्यांत चेअरमन काकाही होते. टोपी काढून ठेवलेली, पाय पोटऱ्यांपर्यंत गाळात.

"काका, तुम्ही कशाला?" मी म्हटलं.

"मंग कोण? पोरं गेली समदी पिंपरीला, चाकणला," ते म्हणाले. "आन चेअरमन काय फकस्त खुर्चीतच बसायचा असतो का?"

मोटर जागेवर बसल्यावर अब्बांनी तिच्यावर हात ठेवून आवाज ऐकला. पाण्याऐवजी मधूनच हवा ओढली जात होती. हवा ओढली की मोटर तापते, आणि तापली की जळते. त्यांनी ती बंद केली, थोड्या वेळानं चालू केली, पुन्हा बंद केली. माळावर पाणी पोचत होतं, पण पाइपातून धापा टाकल्यासारखं. बायका बांधावर बसून होत्या. मोसंबीची झाडं वाचली तर पुढं काही आहे, एवढंच त्या बोलत होत्या.

परतताना एसटीत अब्बा म्हणाले, "जूनमध्ये पडंल." मी पण म्हटलं, पडेल.

त्या जूनमध्ये पडला नाही. जुलैतही नाही. पेरण्या झाल्याच नाहीत. ऑगस्टमध्ये धरणात राहिलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवण्याचा आदेश निघाला. सरकारी माणसं येऊन पंपघराची वीज तोडून गेली आणि स्विचवर लाखेचं सील लावून गेली. त्यात चूक काही नव्हतं. बीड शहरात नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येत होतं आणि आमच्याच घरात अम्मी भांडी राखेनं पुसून ठेवत होती. अब्बांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, झाडांचं काय. ते म्हणाले, "तोडतील. सरपणाला तरी होतील."

पुण्यात मी पावसाळा संपायची वाट बघत होते. सप्टेंबरच्या निरीक्षणात रेघ जवळपास सपाट आली. सर म्हणाले, हिशेबात थोडी गफलत असेल, वेग घ्यायला उशीर होईल. ऑक्टोबरमध्येही सपाट आली. मग आम्ही चुका शोधायला लागलो. यंत्र तपासलं, दुसऱ्या स्थिर स्रोताशी तुलना केली, आकडेमोड पहिल्यापासून पुन्हा केली. सरांनी परदेशातल्या ओळखीच्या एका गटाला त्यांच्या दुर्बिणीतून बघायला सांगितलं. नोव्हेंबर आला. मागच्या नोव्हेंबरला ह्याच आठवड्यात ती रेघ डोंगरासारखी वरखाली होत होती. आता कागदावर फूटपट्टी धरून ओढल्यासारखी.

परदेशातल्या गटाचं उत्तर आलं, त्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं.

"त्यांनाही सपाटच दिसतंय," ते म्हणाले. खिडकीबाहेर बघत होते. "स्रोत आहे. लुकलुक नाही. मधला धागा सरकून गेला."

"परत येईल?"

"आपल्या रेषेत दुसरा येऊ शकतो. उद्या येईल किंवा आपल्या हयातीत येणार नाही."

"मग मार्चमध्ये ते मंद झालं ते..."

"तेच आता सांगता येत नाही," सर म्हणाले. "अंदाजाप्रमाणे मंद झालं असेल. किंवा तेव्हाच ते संपत आलेलं असेल. आपल्याकडं जो भाग आहे त्यातून दोन्ही निघतं."

मी महिनाभर बसून सगळी गणितं केली. अर्ध्या वर्षाच्या आलेखाला तप्त ताऱ्याचं चित्र बसत होतं. ढगांच्या घर्षणाचंही तितकंच बसत होतं. फार जुन्या, फुटून गेलेल्या ताऱ्याचा उरलेला पापुद्रा म्हणावं तर तेही नाकारता येत नव्हतं. धागा सूर्याच्या शेजारी होता, एवढं नक्की. तो कशाचा होता, ते कळायच्या आत तो गेला. सर म्हणाले, दुसरा स्रोत शोधू, शंभर बघितले तर एखादा मिळेल, तीन-चार वर्षं लागतील. माझी शिष्यवृत्ती तोवर चालणार नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझ्यात तेव्हा शंभरमधला पहिला बघायचीही ताकद उरली नव्हती.

जानेवारीत मी घरी होते. पालीच्या संस्थेची सर्वसाधारण सभा होती. अब्बा सभासद नव्हते, पण त्यांना बोलावणं आलं होतं, आणि ते मला म्हणाले, चल. शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकलेली. निम्मं गाव बाहेर गेलेलं, ऊसतोडीला आणि कारखान्यांत, त्यामुळं म्हातारी माणसंच जास्त. चेअरमन काकांनी उभं राहून ठराव वाचला. संस्था गुंडाळावी, पाइप आणि मोटारी विकून टाकाव्यात. वाचून झाल्यावर ते थांबले.

"अनुमोदन कोण देतंय?"

त्यांनी पुन्हा विचारलं. कुणी सतरंजीचे धागे उपटत होतं, कुणी रस्त्याकडं बघत होतं.

"आरं, विरोध करायचा तर करा. तसं तरी बोला," ते म्हणाले.

शेवटी एक म्हातारी बाई मागून म्हणाली, "विरोध कशाला करायचा? पाणी न्हाई त्येला विरोध करून काय व्हतंय? मी देते अनुमोदन." तिच्या नवऱ्यानं संस्थेच्या पहिल्या वर्षी ह्याच माळावर पाइपासाठी चर खणला होता, असं अब्बांनी मला हळूच सांगितलं. तो वारला होता. काकांनी ठराव मंजूर म्हणून सांगितलं आणि खाली बसले.

मोटारी कुणी मोटर म्हणून घ्यायला तयार नव्हतं. कोरड्या विहिरींवर मोटर नेऊन काय करायचं? भंगारवाला म्हणाला, तांबं वेगळं, लोखंड वेगळं करून द्या, तर घेतो. ते काम करणारा माणूस एकच होता.

मोटारी टेम्पोनं दुकानात आल्या. अब्बांनी अम्मीला सांगितलं की आज जेवायला येणार न्हाई. मी त्यांच्याबरोबर बसले. त्यांनी पहिल्या मोटरीचं झाकण काढलं. आतली तार चांगली होती, लालसर, वॉर्निश चकाकणारं. मागच्याच वर्षी त्यांनी ती भरली होती. जळालेली तार काढणं मी लहानपणापासून बघत आले होते. चांगली तार कुणी काढताना मी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी एका बाजूचे वेढे छिन्नीनं तोडले आणि दुसऱ्या बाजूनं पकडीनं ओढायला लागले. तार निघेना, इतकी घट्ट बसलेली. ते पाय लावून ओढत होते.

"मी ओढते," मी म्हटलं.

"हात कापशील."

तरी मी ओढली. आम्ही दोघं आळीपाळीनं ओढत राहिलो. तार निघताना कागदाच्या पट्ट्या फाटून बाहेर यायच्या. दुपारपर्यंत दुकानाच्या फरशीवर तांब्याचा ढीग झाला. अब्बा एकदाच बोलले. म्हणाले, "इतकी चांगली भराय नको होती." मग पुन्हा कामाला लागले.

चेअरमन काका संध्याकाळी आले. ते दारातच उभे राहिले, ढिगाकडं बघत. अब्बांनी त्यांना स्टूल दिलं. मी चहा सांगून आले. तिघांनी चहा घेतला. उठताना काकांनी एका मोटरीच्या रिकाम्या लोखंडात हात घातला, आत फिरवला, काढला आणि धोतराला पुसला.

मी पुण्याला परत गेले ती सामान आणायला. सरांनी जेवढं झालं तेवढ्यावर एक छोटा लेख लिहायला लावला. त्यात शेवटी लिहिलं होतं, की ह्या धाग्याचा उगम उपलब्ध निरीक्षणांवरून ठरवता येत नाही. ते वाक्य मीच लिहिलेलं. सरांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. पदवी मिळाली नाही. मी बीडला येऊन एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागले, अजून तेच करते.

नंतरच्या वर्षांत पाऊस झाला, धरण भरलंही. पण तोवर पाइप गेलेले, झाडं गेलेली, माणसं गेलेली. पंपघराच्या भिंतींच्या विटा कुणीतरी उचलून नेल्या. पुन्हा संस्था काढू असं दोनदा बोलणं झालं, पण लोक जमले नाहीत. अब्बांच्या दुकानात लोक आता मोटारी आणत नाहीत, जळाली की नवीन घेतात. त्यांनी दुकान भाड्यानं दिलं. तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

आकाशात पुढं असे आणखी काही स्रोत सापडले. काहींच्या बाबतीत धाग्यांची दिशा तप्त ताऱ्यांकडं निघाली, असं मी वाचलं. सरांना ईमेल केलं, की मग आपलाही तसाच असेल का. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. असू शकेल. पण इतरांवरून आपल्याबद्दल म्हणता येत नाही, आणि आपला आता बघता येणार नाही. मी ते दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत वाचलं आणि फळा पुसून पुढचा तास घेतला.

चेअरमन काका मुलाकडं पिंपरीला राहायला गेले होते. मागच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी लग्नाला बीडला आले होते, तेव्हा घरी आले. अब्बांना आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळं दोघं मोठ्यानं बोलत होते, गुडघ्यांविषयी, झोपेविषयी, पिंपरीच्या घराला खिडकी कमी असण्याविषयी. पालीचं नाव कुणी काढलं नाही. अम्मीनं खिचडा केला होता, काकांनी तो थोडासाच खाल्ला.

निघताना त्यांनी मला विचारलं, "तू न्हाई गेलीस का मंग परत, पुण्याला?"

"नाही, काका."

"कावून?"

मी दाराचा पडदा बाजूला धरला. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले. त्यांना वाकता येत नव्हतं. मी चप्पल त्यांच्या पायांपुढं सरकवली आणि रिक्षापर्यंत सोडायला गेले.